इम्प्लांटनंतर तोंडाची काळजी: दुखणं थांबलं तरी पथ्य संपत नाही

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आईला (वय ६३) चार दिवसांपूर्वी खालच्या जबड्यात डाव्या बाजूला दोन इम्प्लांट बसवले. तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. सूज कालपासून ओसरतेय, दुखणंही फारसं नाही. पण त्या बाजूला ब्रश लावायला ती घाबरते, नुसत्या चुळा भरते. मावशी म्हणते जखमेत हळद दाबा. आईला वर्षानुवर्षं मिसरी लावायची सवय आहे, ती चार दिवस बंद असल्यामुळे चिडचिड करते. हे पथ्य नक्की किती दिवस पाळायचं, आणि मिसरी कधीपासून लावली तर चालेल?"

आधी काळजी कमी करतो. शस्त्रक्रियेनंतरची सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि मग उतरू लागते. चौथ्या दिवशी ती ओसरत असेल, ताप नसेल, दुखणं रोज थोडं थोडं कमी होत असेल, तर जखम नीट भरते आहे. गालावर किंवा हनुवटीखाली निळसर-पिवळट डाग दिसला तरी घाबरू नका. या वयात तो दिसतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप जातो.

आता "किती दिवस" याबद्दल. दात काढल्यावर आपण दुखतंय तोवर पथ्य पाळतो आणि दुखायचं थांबलं की रोजचं खाणंपिणं सुरू करतो. दाताच्या बाबतीत ते चालून जातं, इम्प्लांटच्या बाबतीत नाही. इम्प्लांट म्हणजे दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, ज्यावर पुढे दात बसतो. त्याला संवेदना नसते. तो सैल पडत असला किंवा त्याच्याभोवतीचं हाड झिजत असलं, तरी सुरुवातीला दुखत नाही. माझ्याकडे इम्प्लांट गमावून आलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य "पण डॉक्टर, कधी दुखलंच नाही" हे असतं. म्हणून दुखण्यावरून पथ्य ठरवू नका. काळजीचे तीन काळ आहेत आणि प्रत्येक काळात जपायची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या दहा-बारा दिवसांत हिरडीची जखम जपायची, त्यानंतरचे दोन-तीन महिने हाडाला निवांतपणा द्यायचा, आणि दात बसल्यावर कायमची स्वच्छता ठेवायची.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत आणि उत्तर त्यांवर अवलंबून आहे. मोबाइलचा टॉर्च लावून आईंच्या तोंडात बघा. हिरडीतून धातूची छोटी गोल टोपी वर आलेली दिसते, की फक्त टाके दिसतात? टोपी दिसत असेल तर इम्प्लांटचं तोंड हिरडीबाहेर ठेवलेलं आहे, आणि त्या टोपीची स्वच्छता आतापासूनच करावी लागते. फक्त टाके दिसत असतील तर इम्प्लांट हिरडीखाली झाकलेला आहे. पुढे काही आठवड्यांनी हिरडी थोडी उघडून टोपी बसवतील, आणि तोवर आपलं काम फक्त जखम स्वच्छ ठेवण्याचं. हाडाची पावडर भरली होती का, हेही डॉक्टरांना विचारा. भरली असेल तर पांढरे बारीक कण अधूनमधून तोंडात येऊ शकतात. चार-दोन कण आले तर हरकत नाही, पण भसाभस येत असतील किंवा टाके उसवून जखम उघडी दिसत असेल, तर त्याच दिवशी दाखवा.

आता ब्रशचं. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ब्रशच्या भीतीने होणारं नुकसान ब्रशने होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठं असतं. चुळांनी अन्नाचे कण निघतात, पण दातांवर बसलेला जंतूंचा चिकट थर निघत नाही. तो घासूनच निघतो. चार दिवस ब्रश नाही म्हणजे जखमेच्या शेजारच्या दातांवर तो थर साचला आहे, आणि तिथून जंतू थेट टाक्यांवर जातात. म्हणून आज रात्रीपासून बाकीच्या सगळ्या दातांना मऊ ब्रश लागलाच पाहिजे. उजवी बाजू आणि वरचे दात नेहमीसारखे. डाव्या बाजूचे खालचे शेजारचे दात हळूहळू, ब्रशचे केस दातावर ठेवून जागच्या जागी हलवत. टाक्यांवर मात्र ते निघेपर्यंत ब्रश नको.

टाक्यांची जागा स्वच्छ करायला औषधी दुकानात मिळणारा निर्जंतुक गॉज घ्या. हात साबणाने धुऊन, गॉज बोटाला गुंडाळून क्लोरहेक्सिडीनमध्ये (चुळा भरायचं जंतुनाशक औषध) भिजवा आणि हिरडीकडून दाताच्या दिशेने एकदाच अलगद पुसा. मागे-पुढे रगडायचं नाही. टोपी बाहेर असेल तर तिच्या भोवतीही असंच, दिवसातून दोनदा. पहिल्या वेळी आईंच्या हातात आरसा द्या आणि तुम्ही पुसताना त्यांना बघू द्या. आपलं तोंड आपल्याला दिसलं की भीती निम्मी जाते, हे मी रोज बघतो. गॉजवर किंचित गुलाबी रंग आला तर चालेल.

टाके साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात, विरघळणारे असतील तर ते आपोआप सैल होतात. त्यानंतर त्या जागेसाठी अतिमऊ केसांचा ब्रश घ्या. पाकिटावर नुसतं 'मऊ' लिहिलेलं असतं, ते पुरेसं नाही. शस्त्रक्रियेनंतर वापरायचा खास ब्रश मिळतो, आपल्या डेंटिस्टकडे विचारलं की ते देतात. दोन आठवडे तो वापरून मग साध्या मऊ ब्रशवर यायचं.

क्लोरहेक्सिडीनच्या चुळांबद्दल घरोघरी गोंधळ असतो, म्हणून तेही स्पष्ट सांगतो. आपल्याकडे बहुतेक ०.२ टक्क्यांचं मिळतं. ते साधारण १० मिलिलिटर घ्यायचं, एक मिनिट तोंडात धरायचं, सकाळ-संध्याकाळ दोनदाच. खळखळून नाही. डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलतं करायचं, औषध आपोआप फिरतं. मग जोरात थुंकायचं नाही, तोंड उघडून बेसिनमध्ये सोडून द्यायचं. टूथपेस्टने ब्रश केल्यावर लगेच क्लोरहेक्सिडीन घेऊ नका. पेस्टमध्ये फेस आणणारं जे रसायन असतं, ते या औषधाचा परिणाम कमी करतं. मध्ये अर्धा तास जाऊ द्या. आणि क्लोरहेक्सिडीन घेतल्यावर अर्धा तास पाणी, चहा, काही नको. दातांवर तपकिरी डाग पडतात, चहा जास्त असेल तर अधिकच. जिभेची चवही बदलते. दोन्ही गोष्टी तात्पुरत्या आहेत, डाग नंतर स्वच्छ करून मिळतात. पण हे औषध एक-दोन आठवड्यांचं आहे, महिनोन्महिने घ्यायचं नाही. मधल्या वेळी, प्रत्येक खाण्यानंतर, ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून त्याच पद्धतीने चूळ.

हळद दाबू नका. मावशींचा हेतू चांगला आहे आणि आपल्या घरांत ही सवय खोल रुजलेली आहे, म्हणून नीट सांगतो. बोटावरच्या कापल्या जखमेला लावलेली हळद धुता येते. टाक्यांखाली गेलेली स्वयंपाकघरातली पावडर निघत नाही. ती निर्जंतुक नसते, तिचे कण जखमेच्या ओठांमध्ये बसतात आणि हिरडी जुळू देत नाहीत. दुधातून हळद घ्यायची तर खुशाल घ्या. लवंगतेलही जखमेवर लावू नका, उघड्या मांसाला ते भाजतं. तुरटीची पूडही नको.

आता मधुमेह, कारण आईंच्या बाबतीत जखम भरण्याचा वेग त्यावर ठरणार आहे. साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि बारीक रक्तवाहिन्यांतून जखमेला पोहोचणारं रक्त कमी पडतं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, तपासली असेलच. ती ७ च्या आसपास असेल तर मला फारशी चिंता वाटत नाही, ८ च्या वर असेल तर मी रुग्णाला जास्त वेळा बोलावून जखम बघतो. घरी ग्लुकोमीटर असेल तर हे पंधरा दिवस उपाशीपोटीची साखर एक दिवसाआड तरी बघा.

यात एक धोका असतो, त्याकडे घरच्यांचं लक्ष नसतं. तोंड दुखतं म्हणून रुग्ण जेवण निम्मं करतो आणि गोळ्या मात्र पूर्ण घेतो. काही गोळ्यांनी, विशेषतः ग्लिमेपिराइडच्या जातीच्या, अशा वेळी साखर एकदम खाली येते. आईंना दरदरून घाम, थरथर, गरगरणं असं काही झालं तर आधी साखर तपासा, ७० च्या खाली असेल तर साखरेचं पाणी द्या आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. मीटर हाताशी नसेल तर शोधण्यात वेळ घालवू नका, साखरेचं पाणी लगेच द्या. गोळ्यांचं प्रमाण स्वतःहून बदलू नका.

उलट बाजूही आहे. मऊ खायचं म्हटलं की आपल्या घरी शिकरण, खीर, गोड लापशी, फळांचा रस सुरू होतं. आईंना यातलं काहीच उपयोगाचं नाही. मुगाच्या डाळीची पातळ खिचडी तूप घालून, वरण-भात, वरणात भिजवून कुस्करलेली ज्वारीची भाकरी, ताक, दही, बिनसाखरेची नाचणीची आंबील, दुधीची किंवा लाल भोपळ्याची मऊ शिजवलेली भाजी, चालत असेल तर उकडून कुस्करलेलं अंडं, मऊ पनीर. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणून डाळ, दही, अंडं यांवर भर द्या. सगळं कोमट. तिखट आणि गरमागरम आणखी आठवडाभर नको.

बारीक दाणेदार गोष्टी टाळा: तीळ, खसखस, दाण्याचं कूट, पेरू किंवा टोमॅटोच्या बिया, कुरमुरे. हे कण टाक्यांत किंवा टोपीच्या कडेला अडकतात. उपवास करत असतील तर साबुदाण्याची खिचडी याच कारणासाठी नको, आणि मधुमेहात या पंधरा दिवसांत उपवासच नको. औषधं विस्कळीत होतात, जखमेलाही पोषण मिळत नाही.

दिलेलं प्रतिजैविक जितके दिवसांचं आहे तितके दिवस पूर्ण घ्या. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका, आणि संपल्यावर "आणखी एक पट्टी" म्हणून दुकानातून आणूही नका. दुखण्याच्या गोळ्यांची आता गरज नसेल तर बंद करा. मधुमेह असलेल्यांच्या मूत्रपिंडावर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचा ताण पडतो. लागलीच तर पॅरासिटामॉल चालेल का, ते डॉक्टरांना विचारा. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून थांबवू नका. आणि आईंच्या वयाच्या स्त्रियांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, आणि ते दाताच्या डॉक्टरांना सांगायचं राहिलं असेल, तर आजच फोन करून सांगा. या औषधांचा जबड्याच्या हाडाच्या भरण्याशी थेट संबंध आहे.

आता मिसरी, किंवा तुमच्याकडे मशेरी म्हणत असतील तर ती. आईंना रागवून हा प्रश्न सुटणार नाही, म्हणून कारणासकट सांगतो.

तव्यावर काळा भाजलेला तंबाखू तोच तंबाखू राहतो. त्यातलं निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आवळते. ज्या जागी नवं हाड तयार व्हायला रक्ताची सगळ्यात जास्त गरज आहे, तिथलाच पुरवठा कमी होतो. दुसरं, मिसरीची पूड खरखरीत असते आणि ती बोटाने हिरडीवर रगडली जाते. म्हणजे रासायनिक त्रास एकीकडे, आणि टाक्यांवर रोज बोटाचा दाब दुसरीकडे. इम्प्लांटची टोपी बाहेर असेल तर त्या दाबाने इम्प्लांटच हलतो. तिसरं म्हणजे मिसरीने हिरड्या वरून काळपट, निबर होतात. त्यामुळे आत सूज असली तरी ती लवकर दिसत नाही.

तेव्हा "कधीपासून चालेल" याचं माझं उत्तर असं आहे: हिरडी भरेपर्यंत अजिबात नाही, हाड पकडेपर्यंत, म्हणजे निदान तीन महिने, अजिबात नाही. आणि तीन महिने सुटली तर पुन्हा सुरू करायचं कारण उरत नाही. बिनधुराच्या तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे निर्विवाद आहे. ज्या गालात वर्षानुवर्षं मिसरी लागली आहे, तो गाल आणि ती हिरडी डॉक्टरांकडून या निमित्ताने नीट तपासून घ्या. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण असेल तर तो आत्ता कळलेला बरा.

आईंची चिडचिड ही स्वभावाची नाही, निकोटिन सुटल्याची आहे, हे घरातल्या सगळ्यांना कळू द्या. पहिला आठवडा सगळ्यात जड असतो आणि आईंनी त्यातले चार दिवस काढलेले आहेत. डोकं दुखणं, झोप न लागणं, पोट साफ न होणं हे साधारण तीन-चार आठवड्यांत कमी होत जातं. "मिसरी लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही" ही तक्रार मी असंख्य बायकांकडून ऐकली आहे, आणि ती खरी असते, निकोटिन आतड्यांना चालना देतं. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, रात्री इसबगोल, जेवणात मऊ शिजलेल्या भाज्या, एवढ्याने बरंच भागतं. मिसरीची जी वेळ ठरलेली होती, नेमक्या त्याच वेळी ब्रश हातात द्या, हाताला काम मिळतं. मिसरीऐवजी तपकीर किंवा गुल लावणं म्हणजे तोच तंबाखू वेगळ्या डबीत. निकोटिनचा च्युइंगम या काळात मी देत नाही, कारण तो चघळावा लागतो. फारच ओढ लागत असेल तर त्वचेवर लावायच्या पट्टीबद्दल आईंच्या फिजिशियनना विचारा. तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६ या क्रमांकावर आहे, तिथे समुपदेशक बोलतात.

दुसरा काळ टाके निघाल्यावर सुरू होतो. इथे सगळं बरं झालं असं वाटतं, आणि इम्प्लांटच्या दृष्टीने हाच सगळ्यात नाजूक काळ असतो. का, ते सांगतो. शस्त्रक्रियेच्या दिवशी इम्प्लांट हाडात घट्ट बसतो तो फक्त आट्यांच्या पकडीने. त्यानंतर शरीर भोकाच्या कडेचं दुखावलेलं हाड आधी काढून टाकतं आणि मग तिथे नवं हाड तयार करतं. जुनी पकड कमी होत असते आणि नवी अजून पुरेशी आलेली नसते, अशी अवस्था साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात येते. म्हणजे सूज गेली, टाके निघाले, आईंना अगदी छान वाटतंय, तेव्हा स्क्रूची पकड सगळ्यात कमी असते. कुंपणाचा खांब रोवल्यावर भोवतीची माती बसेपर्यंत त्याला कुणी टेकत नाही, तसंच इथे आहे. इम्प्लांट वारंवार ०.१५ मिलिमीटरच्या वर हलत राहिला तर त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतूंचा मऊ थर तयार होतो. मग तो कधीच पकडत नाही, काढावाच लागतो.

टायटॅनियमला हाड असं चिकटतं हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं ते १९५२ मध्ये, सशांच्या हाडांवर वेगळाच अभ्यास करताना. हाडात बसवलेली टायटॅनियमची उपकरणं त्यांना परत काढता येईनात. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले, आणि ते त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकले. ब्रोनेमार्कांचा मूळ नियम खालच्या जबड्याला तीन महिने आणि वरच्या जबड्याला सहा महिने काहीही भार द्यायचा नाही असा होता. आज सुधारलेल्या पृष्ठभागांमुळे हा काळ अनेकदा कमी करता येतो, काही निवडक रुग्णांत दात लगेचही बसवतात. पण ६३ वर्षांच्या, मधुमेह आणि मिसरी असलेल्या रुग्णाच्या बाबतीत मी स्वतः घाई करत नाही. तुमच्या डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितलं तर ते बरोबर सांगत आहेत.

या काळात करायचं एवढंच: चावणं उजव्या बाजूने. चकली, कडक भाकरीच्या कडा, सुपारी, ऊस, डिंकाचे लाडू डाव्या बाजूला जाता कामा नयेत. जिभेने किंवा बोटाने टोपी चाळवायची नाही. आईंना काढता-घालता येणारी कवळी असेल तर ती त्या जागेवर टेकत नाही ना, हे डॉक्टरांकडून खात्री करून घ्या. आतून कोरून मोकळी केल्याशिवाय घालू नका. रात्री दात खात असतील तर आधीच सांगा. टोपी सैल वाटली किंवा निघून हातात आली, तर स्वतः फिरवून बसवू नका. स्वच्छ डबीत ठेवा आणि एक-दोन दिवसांत दवाखान्यात जा, हिरडी फार लवकर बंद होते.

(वरच्या जबड्यात मागच्या बाजूला इम्प्लांट झालेले कुणी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: वरची दाढ आणि सायनसची पोकळी यांच्यात फार कमी हाड असतं. तिथे हाड भरलं असेल तर डॉक्टर सांगतील तोवर नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, आणि कपालभाती, भस्त्रिका, जलनेती, शंख फुंकणं, शीर्षासन बंद. आईंचा खालचा जबडा आहे, त्यांना याची गरज नाही.)

ताबडतोब फोन करायची लक्षणं वेगळी लक्षात ठेवा. खालच्या ओठाचा किंवा हनुवटीचा बधिरपणा अजूनही असेल तर वाट बघू नका, आजच कळवा. भुलीचा बधिरपणा काही तासांत जातो. त्यानंतर राहिलेला बधिरपणा म्हणजे जबड्यातल्या नसेवर दाब आहे का, हे बघावं लागतं, आणि त्यात वेळेला फार किंमत असते. कमी झालेली सूज पुन्हा वाढू लागली, ताप १०१ च्या वर गेला, पू किंवा घाण चव येऊ लागली, तोंड उघडणं रोज कमी होत गेलं, तर त्याच दिवशी दाखवा. आणि जबड्याखाली, गळ्याकडे कडक सूज येऊन गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर दातांच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयात न्या. असं क्वचितच होतं, पण मधुमेहींत जंतुसंसर्ग झपाट्याने पसरतो.

तिसरा काळ दात बसल्यावरचा. नैसर्गिक दाताच्या मुळाला हिरडीचे तंतू काटकोनात घुसून घट्ट धरतात. इम्प्लांटभोवती ते नुसते समांतर उभे असतात, रक्तवाहिन्याही कमी. त्यामुळे जंतूंना आत जायला वाट सोपी मिळते आणि एकदा सूज सुरू झाली की ती हाडापर्यंत लवकर पोहोचते. हिरडीपुरती सूज असेपर्यंत ती स्वच्छतेने पूर्ण बरी होते, हाड गेल्यावर मात्र परत आणणं अवघड. २०१७ मध्ये अमेरिकन आणि युरोपियन हिरडीतज्ज्ञांच्या संयुक्त परिषदेने या आजाराचं स्वतंत्र वर्गीकरण केलं. त्यात ज्यांच्याबद्दल सगळ्यात भक्कम पुरावा मानला गेला, त्या गोष्टी तीन: आधीचा हिरड्यांचा आजार, अपुरी स्वच्छता आणि नियमित तपासणीचा अभाव. यांपैकी दोन पूर्णपणे आपल्या हातात आहेत.

इम्प्लांटची मान दातापेक्षा बारीक असते, म्हणून दोन इम्प्लांटच्या मध्ये आणि शेजारच्या दाताच्या कडेला अन्न अडकणारच. तिथे दातांमधला बारीक ब्रश रोज रात्री फिरवायचा. त्याची तार प्लॅस्टिकचं आवरण असलेली हवी, उघडी तार इम्प्लांटवर ओरखडे पाडते. योग्य आकार कोणता ते दवाखान्यातच ठरवून घ्या. काडी, टाचणी, झाडूची काडी यांना हातही लावायचा नाही. लाल मंजन, कोळशाची पूड, राखुंडी बंद. साधी फ्लोराइड पेस्ट आणि मऊ ब्रश पुरे. ब्रश करताना त्या जागी रक्त आलं तर "ब्रश लागला असेल" म्हणून सोडू नका. इम्प्लांटभोवतीचं रक्त ही बहुतेक वेळा सुजेची पहिली आणि कधी कधी एकमेव सूचना असते. दात किंचित हलला, चावताना आधीपेक्षा उंच वाटू लागला, तर आतला स्क्रू सैल झालेला असू शकतो. तो लवकर आवळला तर काम सोपं, उशीर झाला तर तुटतो.

आईंसारख्या रुग्णांना मी पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी बोलावतो आणि हिरड्या चांगल्या राहिल्या तर नंतर सहा महिन्यांवर नेतो. दात बसवला त्या दिवशीचा एक्स-रे जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक एक्स-रेची तुलना त्याच्याशी होते. पहिल्या वर्षी हाड थोडं खाली जातं, पण त्यानंतर दर वर्षी ०.२ मिलिमीटरहून कमी जायला हवं, हा १९८६ पासून वापरात असलेला निकष आहे. पुढे कुठे साफसफाई करून घ्याल तिथे आधी सांगा की इथे इम्प्लांट आहे, म्हणजे ते योग्य अवजार वापरतील.

टाके काढायला जाल तेव्हा डॉक्टरांना चार गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: इम्प्लांट झाकलेला आहे की टोपी बाहेर आहे, हाड भरलं आहे का, बसवताना पकड किती मिळाली, आणि दाताचं माप घ्यायला कधी यायचं. इम्प्लांटच्या डबीवर एक स्टिकर असतो, त्यावर कंपनी, व्यास, लांबी आणि बॅच क्रमांक असतो. तो मागून घ्या आणि आईंच्या फाइलमध्ये चिकटवा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरांकडे स्क्रू बदलायची वेळ आली, तर कुठलं अवजार लागेल हे त्या स्टिकरशिवाय कळत नाही.